रोव्हरमध्ये जुना प्रोसेसर का, आणि तुमचा फोन का अडकतो

प्रश्न असा आहे: "माझ्या पंधरा हजारांच्या फोनमध्ये आठ कोअरचा प्रोसेसर आणि आठ जीबी रॅम आहे. मंगळावरच्या पर्सिव्हिअरन्स रोव्हरमध्ये मात्र २०० मेगाहर्ट्‌झचा प्रोसेसर आणि २५६ एमबी रॅम. अब्जावधी डॉलर खर्च करून इतका जुना माल का पाठवतात? आणि तेवढ्यावर रोव्हर मंगळावर फिरतो, तर माझा फोन एक फोटो पाठवताना का अडकतो?" विचारणारा इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि पुढे याच क्षेत्रात यायचं म्हणतोय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. मी अवकाशयानांवर काम केलेलं नाही. पुण्यात गाड्यांच्या कंट्रोलरचं, म्हणजे गाडीतल्या छोट्या संगणकांचं, सॉफ्टवेअर लिहिण्यात माझी सगळी नोकरी गेली आहे. इंजिन, ब्रेक, स्टिअरिंग, अशा ठिकाणचं. पण या दोन धंद्यांचा विचार करण्याचा मार्ग एकच आहे आणि मंगळावरच्या हेलिकॉप्टरमध्ये तर आमच्याच जातीची चिप होती. तिच्याकडे पुढे येतेच.

आमच्याकडे नवा प्रकल्प सुरू होतो तेव्हा प्रोसेसर किती वेगवान आहे हे कोणी आधी विचारत नाही. विचारतात ते हे: ठरलेल्या वेळेत उत्तर येणार का, आणि दर वेळी येणार का? ब्रेकचं गणित दर दहा मिलिसेकंदांनी पूर्ण व्हायला हवं असेल, तर एरवी दोन मिलिसेकंदांत आणि कधीतरी चाळीस मिलिसेकंदांत उत्तर देणारा प्रोसेसर आम्हाला नको असतो. दर वेळी आठ मिलिसेकंद घेणारा चालतो. फोनचं नेमकं उलटं आहे. सरासरी वेग उत्तम हवा, मधेच एखादा अडथळा आला तर वापरणारा सहन करतो. तुमच्या दोन्ही प्रश्नांची मुळं इथे आहेत.

आता जुन्या मालाबद्दल. पर्सिव्हिअरन्समधल्या प्रोसेसरचं नाव रॅड७५०. ज्या पॉवरपीसी ७५० या प्रोसेसरवरून तो घेतला, तो ॲपलच्या १९९८ च्या आयमॅक संगणकात होता, हे खरं. पण आयमॅकमधली चिप काढून रोव्हरमध्ये बसवलेली नाही. आराखडा तोच ठेवून प्रारणं (रेडिएशन) सोसेल अशा पद्धतीने ती पुन्हा घडवली आहे. पृथ्वीभोवतीचं चुंबकीय क्षेत्र आणि वातावरण यांच्या बाहेर गेलं की वैश्विक किरणांतले वेगवान कण थेट सिलिकॉनमध्ये घुसतात. एखादा कण मेमरीतल्या नेमक्या जागी विद्युतभार सोडून गेला की शून्याचा एक होतो. याला बिट फ्लिप म्हणतात. चिपमधले ट्रान्झिस्टर जितके लहान, तितका त्यांची स्थिती बदलायला कमी भार पुरतो. त्यामुळे आजच्या फोनमधली काही नॅनोमीटरची चिप वेगवानही असते आणि या बाबतीत नाजूकही.

हे फक्त अवकाशात घडतं असं समजू नका. २००३ साली बेल्जियममधल्या स्कारबेक इथे निवडणुकीच्या मतमोजणीत एका उमेदवाराला बरोबर ४०९६ मतं जास्त पडली. शक्य होती त्याहून जास्त मतं दिसली म्हणूनच ते लक्षात आलं. ४०९६ म्हणजे दोनाचा बारावा घात, म्हणजे नेमका एक बिट उलटलेला. सॉफ्टवेअरमध्ये चूक सापडली नाही आणि वैश्विक किरणामुळे बिट उलटला असावा, हेच स्पष्टीकरण उरलं. जमिनीवर हे क्वचित होतं. मंगळाच्या वाटेवर ते नित्याचं धरून चालावं लागतं.

उष्णतेचा प्रश्नही आहे. फोन तापला की उष्णता हवेत जाते. निर्वातात हवाच नाही, पंखा लावून उपयोग नाही. उष्णता धातूतून बाहेरच्या पृष्ठभागापर्यंत न्यायची आणि तिथून प्रारणाने सोडायची, एवढाच मार्ग. म्हणून प्रत्येक वॉटचा हिशेब असतो. आपल्याकडे चंदीगडजवळ मोहालीला सेमीकंडक्टर लॅबोरेटरी आहे. तिथे बनणारा १६ बिटचा विक्रम १६०१ प्रोसेसर २००९ पासून इस्रोच्या प्रक्षेपकांमध्ये आहे. त्याचा ३२ बिटचा वारस विक्रम ३२०१ हा २०२५ मध्ये इस्रोच्या हाती आला. तो १८० नॅनोमीटर तंत्राने बनतो आणि उणे ५५ ते १२५ अंश सेल्सिअसपर्यंत चालेल असा घडवला आहे. त्या बातमीखाली बऱ्याच लोकांनी "१८० नॅनोमीटर? वीस वर्षं मागे!" असं लिहिलं होतं. मला ते वाचून वाईट वाटलं. त्या चिपला गेम खेळायचा नाही. थरथरणाऱ्या प्रक्षेपकात काही मिनिटं, एकही चूक न करता, दिशा सांभाळायची आहे. त्या कामाला ती योग्य आहे, आणि आपली आहे.

पण जुनी चिप हे अर्धंच उत्तर झालं. खरी कमाल चिपपेक्षा सॉफ्टवेअरच्या रचनेत असते, आणि त्याचं सगळ्यात चांगलं उदाहरण अजूनही १९६९ चंच आहे.

अपोलोच्या चांद्रयानातल्या संगणकाची बदलता येणारी मेमरी २०४८ शब्दांची होती, म्हणजे आजच्या हिशेबाने चार केबी. कायमची मेमरी ३६,८६४ शब्दांची, आणि ती अक्षरशः विणलेली होती. चुंबकीय कड्यांतून तार गेली तर एक, बाहेरून गेली तर शून्य. मॅसॅच्युसेट्समधल्या रेथिऑन कंपनीच्या कारखान्यात स्त्री कामगार ते विणायच्या. एमआयटीच्या इन्स्ट्रुमेंटेशन लॅबोरेटरीत प्रोग्राम लिहून झाला की तो विणायला जायचा. मग त्यात बदल करणं म्हणजे पुन्हा विणकाम.

२० जुलै १९६९ ला ईगल हे अपोलो ११ चं चांद्रयान चंद्राकडे उतरत असताना पडद्यावर १२०२ हा इशारा झळकला. पुढे तो पुन्हा पुन्हा आला, एकदा १२०१ आला. झालं काय होतं? यानाला परत वर जाऊन मुख्य यानाशी भेट घालण्यासाठी एक रडार होतं. ते उतरताना लागत नाही, पण चालू होतं आणि त्याचा स्विच अशा स्थितीत होता की दोन विद्युतपुरवठ्यांच्या कलेत (फेजमध्ये) फरक पडून ते संगणकाला निरर्थक स्पंदनांचा मारा करत राहिलं. प्रत्येक स्पंदन मोजायला संगणकाचा थोडा वेळ जायचा. असं करत जवळपास पंधरा टक्के वेळ खाल्ला गेला. उतरण्याचं मुख्य गणित दर दोन सेकंदांनी सुरू व्हायचं. आधीचं पूर्ण व्हायच्या आत पुढचं सुरू झालं, कामं साचली आणि नवीन कामासाठी मेमरीत जागा उरली नाही. १२०२ चा अर्थ एवढाच: जागा संपली.

अशा वेळी तुमचा फोन काय करतो ते तुम्हाला माहीत आहे. पडदा गोठतो. अपोलोच्या संगणकाने सगळी कामं टाकून दिली आणि क्षणात नव्याने सुरुवात केली. पण शून्यापासून नाही. प्रत्येक महत्त्वाच्या कामाने आपण कुठवर आलो याची नोंद ठेवलेली होती, त्यामुळे इंजिन आणि दिशा सांभाळणारी कामं तिथून पुढे चालू झाली. कमी महत्त्वाची, पडदा ताजा करण्यासारखी कामं मागे राहिली. यान हलकंसंही डळमळलं नाही. यानात बसलेल्या ऑल्ड्रिनच्या लक्षात आलं की आपण उंचीच्या फरकाचा आकडा पडद्यावर मागवला की इशारा येतो. ते एवढंसं जादा कामही काठोकाठ भरलेल्या संगणकाला जड जात होतं. ह्यूस्टनच्या नियंत्रण केंद्रात जॅक गार्मन या चोवीस वर्षांच्या इंजिनिअरकडे सगळ्या इशाऱ्यांची हाताने लिहिलेली यादी होती. काही दिवस आधीच्या सरावात अशाच इशाऱ्यावर नको असताना माघार घेतली गेली होती, आणि त्यानंतर ती यादी करायला सांगितलं होतं. त्या यादीच्या बळावर तिथल्या मार्गदर्शन अधिकारी स्टीव्ह बेल्सने पुढे जायला हिरवा कंदील दिला.

कामांना प्राधान्यक्रम देण्याची ही रचना एमआयटीच्या हॅल लॅनिंगची. उड्डाण सॉफ्टवेअरच्या चमूची धुरा मार्गारेट हॅमिल्टन यांच्याकडे होती. चार केबी मेमरीच्या काळात, जिथे एकेक शब्द वाचवायचा होता, तिथे या माणसांनी 'सगळं कोलमडलं तर काय' या प्रश्नासाठी जागा राखून ठेवली. आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक नवीन मुलाला मी हा प्रसंग सांगते, कारण रिस्टार्ट हा शब्द ऐकला की त्यांना अपयश वाटतं. नीट विचार करून घडवलेला रिस्टार्ट हा रचनेचाच भाग असतो.

गाडीतही तेच आहे. प्रत्येक कंट्रोलरमध्ये वॉचडॉग नावाचा टायमर असतो. सोसायटीच्या वॉचमनला रात्रभर ठरावीक वेळाने फेरीची नोंद करावी लागते आणि नोंद चुकली की समजायचं तो झोपला, तसंच हे. प्रोग्रामने दर काही मिलिसेकंदांनी या टायमरला आपण जिवंत असल्याचं कळवायचं. आम्ही त्याला किक मारणं म्हणतो. किक चुकली की वॉचडॉग प्रोसेसरला रीसेट करतो, कोणालाही न विचारता. हे लिहायला दोन ओळी लागतात, पण त्या कुठे लिहायच्या यातच अक्कल लागते. नवीन मुलं बहुतेक वेळा किक टायमरच्या इंटरप्टमध्ये, म्हणजे मुख्य प्रोग्राम मधेच थांबवून ठरावीक वेळाने आपोआप चालणाऱ्या तुकड्यात, टाकतात, कारण तिथे ती कधीच चुकत नाही. पण मुख्य प्रोग्राम एखाद्या लूपमध्ये अडकून मेलेला असला तरी इंटरप्ट चालूच राहतो, आणि वॉचडॉगला सगळं आलबेल वाटत राहतं. किक अशा जागी हवी की सगळी महत्त्वाची कामं खरोखर पूर्ण झाल्याशिवाय तिथवर पोहोचताच येऊ नये. कोणाचाही कोड तपासायला आला की मी सगळ्यात आधी ही जागा शोधते.

आता इन्जेन्युइटीकडे येते, कारण तुमच्या पहिल्या प्रश्नाचा उलटा पुरावा तिच्यात आहे. पर्सिव्हिअरन्सच्या पोटाखाली बांधून नेलेलं हे दोन किलोही न भरणारं हेलिकॉप्टर. त्याला सतत जमिनीचे फोटो घेऊन आपण कुठे सरकतोय हे ओळखायचं होतं, आणि रॅड७५० ला ते झेपणारं नव्हतं. म्हणून त्यात चक्क क्वालकॉमचा स्नॅपड्रॅगन ८०१ हा प्रोसेसर घातला. २०१४ च्या सुमाराच्या फोनमधला, लिनक्सवर चालणारा. म्हणजे तुमच्या फोनचा आजोबा मंगळावर उडून आला.

पण तो एकटा नव्हता. पाती आणि तोल सांभाळण्याचं काम, जिथे क्षणाचाही उशीर चालत नाही, ते त्याच्यावर सोपवलेलं नव्हतं. त्यासाठी टेक्सस इन्स्ट्रुमेंट्सचे टीएमएस५७० जातीचे दोन मायक्रोकंट्रोलर होते, आणि हे गाड्यांच्या सुरक्षेसाठी बनवलेले असतात. एकाच चिपमध्ये दोन कोअर तीच गणितं करतात आणि प्रत्येक पायरीला उत्तरं जुळतात का हे हार्डवेअरच तपासतं. जुळली नाहीत की चूक लगेच उघड होते. अशा दोन चिप शेजारी शेजारी, आणि त्यांच्यावर लक्ष ठेवायला प्रारणं सोसणारी एक एफपीजीए (आतली जोडणी हवी तशी ठरवता येते अशी चिप), जी गरज पडली तर एकाकडून दुसऱ्याकडे सूत्रं देईल. मी ती आकृती पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला फार आनंद झाला होता. वेगवान पण बेभरवशाचा मेंदू डोळ्यांच्या कामाला, मंद पण शिस्तीचा मेंदू हातापायांच्या कामाला. वेगाची गरज कुठे आहे आणि भरवशाची कुठे, हे ज्याने वेगळं केलं त्याने निम्मं काम केलं.

तरीही अडचणी आल्याच. एप्रिल २०२१ मध्ये पहिल्या उड्डाणाआधी पाती वेगाने फिरवून पाहायच्या चाचणीत प्रोग्राम उड्डाणपूर्व स्थितीतून उड्डाणाच्या स्थितीत जात असतानाच वॉचडॉगचा वेळ संपला आणि चाचणी थांबली. हेलिकॉप्टर सुरक्षित राहिलं. सगळं सॉफ्टवेअर बदलणं धोक्याचं होतं, म्हणून चमूने आज्ञांचा क्रम थोडा बदलला. त्याने ८५ टक्के वेळा काम होईल असा त्यांचा हिशेब होता. १९ एप्रिलला पहिलं उड्डाण झालं. चौथ्या उड्डाणाच्या पहिल्या प्रयत्नाला उरलेले पंधरा टक्के आडवे आले, दुसऱ्या दिवशी ते उडालं. मला यातला प्रामाणिकपणा आवडतो. ८५ टक्के हा आकडा त्यांनी आधीच जाहीर सांगितला होता.

सहाव्या उड्डाणात तर कॅमेऱ्याचा एक फोटो हरवला. एकच. पण त्यामुळे पुढच्या प्रत्येक फोटोला चुकीची वेळ चिकटली, आणि हेलिकॉप्टर जुन्या फोटोवरून आत्ताची जागा ठरवू लागलं. ते हवेत झोके खायला लागलं, वीस अंशांहून जास्त कललं. तरी उतरण्याच्या जागेपासून पाच मीटरच्या आत उतरलं, कारण तोल सांभाळण्याच्या गणितात भरपूर मोकळीक ठेवलेली होती आणि जमिनीजवळ आल्यावर कॅमेऱ्यावर अवलंबून राहायचं नाही असं आधीच ठरवलेलं होतं. पाच उड्डाणांसाठी बनवलेलं ते यंत्र ७२ वेळा उडालं, जानेवारी २०२४ पर्यंत.

आता एक उदाहरण आपल्या दाराशी असलेलं. १९ ऑक्टोबर २०१६ ला युरोपीय अवकाश संस्थेचं शियापरेली हे यान मंगळावर उतरत होतं, आणि त्याचा क्षीण रेडिओ संदेश नारायणगावजवळच्या खोडदच्या जीएमआरटीने पकडला. पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस अँटेना असलेली ही रेडिओ दुर्बीण पुण्यातल्या एनसीआरए या रेडिओ खगोलभौतिकी केंद्राची. कोट्यवधी किलोमीटरवरून येणारा तो संदेश खोडदला ऐकू येत होता, आणि उतरायच्या वेळेच्या थोडं आधी तो बंद पडला.

चौकशीत जे निघालं ते प्रत्येक इंजिनिअरने वाचावं असं आहे. पॅराशूट उघडल्यावर यान जोरात हेलकावलं. फिरण्याचा वेग मोजणाऱ्या सेन्सरची मर्यादा संपली आणि तो जवळपास सेकंदभर कमाल आकड्यावर अडकून राहिला. सॉफ्टवेअरने तो आकडा खरा धरून बेरीज चालू ठेवली. त्यातून त्याची अशी समजूत झाली की आपण जवळपास उलटे झालो आहोत. आता रडारने जमिनीचं तिरकं अंतर मोजलं की त्याला कलाच्या कोनाच्या कोसाइनने गुणून उंची काढतात. यान उलटं आहे असं मानलं की कोसाइन ऋण येतो, आणि उंचीही ऋण. म्हणजे आपण जमिनीच्या खाली आहोत! सॉफ्टवेअरने मानलं की उतरणं झालं. पॅराशूट सोडून दिलं, इंजिनं जेमतेम तीन सेकंद चालवून बंद केली आणि जमिनीवरची उपकरणं सुरू केली. यान तेव्हा ३.७ किलोमीटर उंचीवर होतं.

सेन्सर बिघडला नव्हता. तो आपल्या मर्यादेत प्रामाणिकपणे वागला. कमी पडली ती एक साधी तपासणी: मघाशी काही किलोमीटर उंचीवर असलेलं यान एका क्षणात जमिनीखाली कसं जाईल? गाडीत आम्ही याला प्लॉझिबिलिटी चेक म्हणतो आणि त्याशिवाय कुठलाही आकडा आत घेत नाही. तुमच्या गाडीच्या ॲक्सिलरेटर पेडलला एक नाही, दोन सेन्सर असतात, आणि दोघांचे व्होल्टेज वेगवेगळ्या प्रमाणात वाढतात, म्हणजे एकाची वायर दुसऱ्याला चिकटली तरी कळावं. दोघांचं जुळलं नाही की कंट्रोलर इंजिनाची ताकद कमी करतो, दिवा लावतो आणि गाडी हळूहळू घरी नेण्यापुरती चालू ठेवतो. याला लिंप होम म्हणतात. या स्थितीतली गाडी घेऊन गॅरेजला येणारे लोक चिडलेले असतात. मला विचाराल तर त्या गाडीने आपलं काम चोख केलेलं असतं.

युरोपच्या एरियन ५ चा पहिला प्रक्षेपक ४ जून १९९६ ला असाच गेला. एरियन ४ साठीचा कोड तसाच वापरला, नव्या प्रक्षेपकाचा आडवा वेग जास्त होता, ६४ बिटांचा आकडा १६ बिटांत मावला नाही. मुख्य संगणक थांबला. राखीव संगणकात तोच कोड होता, तोही त्याच कारणाने थांबला. दोन प्रती ठेवल्या की दुप्पट सुरक्षा, हा समज तिथे कायमचा मोडला. स्पेस शटलमध्ये याच भीतीने आधीपासूनच चार संगणकांवर एक सॉफ्टवेअर आणि पाचव्यावर वेगळ्या चमूने लिहिलेलं दुसरं, अशी व्यवस्था होती.

तुमचा फोन का अडकतो, याचा थेट धागा स्पिरिट रोव्हरमध्ये सापडतो. २१ जानेवारी २००४, मंगळावरचा अठरावा दिवस. स्पिरिट अचानक गप्प झाला. मग तुटक उत्तरं येऊ लागली आणि कळलं की तो पुन्हा पुन्हा रीबूट होतोय. साठहून जास्त वेळा झाला. रात्री झोपत नव्हता, बॅटरी उतरत होती. त्याच्या फ्लॅश मेमरीत, म्हणजे वीज गेली तरी टिकणाऱ्या साठ्यात, प्रवासातल्या काळापासूनच्या, खूप फाइल साठल्या होत्या. सुरू होताना त्या सगळ्यांची यादी रॅममध्ये उघडायची, तेवढी जागा मिळायची नाही, प्रोग्राम कोसळायचा, पुन्हा सुरू व्हायचा, पुन्हा तेच. नासाच्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीच्या चमूने त्याला फ्लॅश न उघडताच सुरू हो अशी आज्ञा दिली. अशी आज्ञा आधीपासून ठेवलेली होती म्हणून ते जमलं. मग फाइल काढल्या. नव्वद दिवसांसाठी गेलेला स्पिरिट २०१० पर्यंत बोलत राहिला.

तुमचा फोन काठोकाठ भरलेला असतो तेव्हा त्याच्याही आत हेच चाललेलं असतं, फक्त तो कोसळत नाही, रखडतो. फ्लॅश मेमरीत जुन्या जागेवर थेट नवं लिहिता येत नाही. आधी एक अख्खा ब्लॉक पुसावा लागतो. मोकळे ब्लॉक हाताशी असले तर हे पडद्यामागे होऊन जातं. नसले तर एक फोटो लिहायला आधी इकडचा माल तिकडे हलवावा लागतो, आणि तुमचं बोट पडद्यावर वाट बघत राहतं. त्यावर रॅम अपुरी पडली की अँड्रॉइड मागची ॲप बंद करतो, तुम्ही परत त्यांच्याकडे गेलात की ती पहिल्यापासून उघडावी लागतात. फोन तापला की प्रोसेसर स्वतःचा वेग कमी करतो. आणि बऱ्याच ॲपच्या पोटात खरं तर एक ब्राउझर असतो, त्यात एक वेबपेज, त्यात जाहिराती मोजणारे चार-पाच तुकडे. आठ कोअर असून पैसे भरायचं बटण उमटायला तीन सेकंद लागतात ते यामुळे.

यात प्रोसेसरचा दोष शून्य आहे. गाडीच्या कंट्रोलरमध्ये आम्ही प्रोसेसरचा भार साधारण सत्तर टक्क्यांच्या वर जाऊ देत नाही, आणि कोणी ऐंशीवर नेला तर त्याला कारण लिहून द्यावं लागतं. फोनच्या जगात उरलेली ताकद ही पुढच्या ॲपची हक्काची समजली जाते. मला हे मनापासून खटकतं. माझ्या आईच्या फोनमध्ये फोटो, फोन आणि बँक एवढंच आहे. तीन वर्षांपूर्वी तो छान चालायचा. आईने काहीच वाढवलेलं नाही, ॲप फुगली. पैशांची तंगी असलेल्या माणसाला चालता फोन टाकून नवा घ्यायला लावणं हे वाईट इंजिनिअरिंग आहे, असंच मी म्हणेन.

तुमच्यापुरते उपाय साधे आहेत. स्टोरेजचा पाचवा हिस्सा तरी कायम मोकळा ठेवा. आठवड्यातून एकदा फोन बंद करून चालू करा, ती अंधश्रद्धा नाही. साचलेली कामं आणि अडकलेली मेमरी खरोखर सुटते. रॅम बूस्टर, क्लीनर असली ॲप काढून टाका, ती स्वतःच भार असतात. सुरक्षेचे अपडेट मात्र टाळू नका. सॉफ्टवेअरची दुरुस्ती व्हॉयेजर १ या यानालाही चुकलेली नाही: नोव्हेंबर २०२३ पासून ते निरर्थक डेटा पाठवत होतं, कारण १९७७ साली निघालेल्या त्या यानाच्या एका संगणकातली एक मेमरी चिप गेली होती. चमूने तिथला कोड तुकडे करून उरलेल्या मेमरीत जागा मिळेल तिथे बसवला. आज्ञा पोहोचायला साडेबावीस तास, उत्तर यायला साडेबावीस तास. एप्रिल २०२४ मध्ये यान पुन्हा नीट बोलू लागलं.

रोजच्या तंत्रज्ञानाबद्दल आणखी एक मत आहे, ते न सांगता राहवत नाही. नव्या गाड्यांत वायपर, एसी, काचेवरचं धुकं घालवणं, सगळं टचस्क्रीनमध्ये ढकललं जातंय. पावसाळ्यात ताम्हिणी घाटात समोरून ट्रक येत असताना काच धुरकटली, तर नजर रस्त्यावरून न हटवता बोटाला सापडेल असं बटण हवं. स्पेसएक्सच्या क्रू ड्रॅगन यानाचे टचस्क्रीन बघून लोक म्हणतात, अवकाशातही बटणं गेली. त्या पडद्यांच्या खाली आणीबाणीच्या आज्ञांसाठी खरी बटणं आहेत, ती फोटोत नीट बघा. युरोपातल्या युरो एनकॅप या सुरक्षा चाचणी संस्थेने २०२६ पासून इंडिकेटर, हॉर्न, वायपर अशा गोष्टींना स्वतंत्र खटके नसतील तर पूर्ण गुण द्यायचे नाहीत असं ठरवलं, त्याचं मला फार समाधान वाटतं.

शेवटी, तुम्हाला या क्षेत्रात यायचं आहे म्हणून. मोठी बोर्डं घेऊ नका, पाचशे रुपयांचा मायक्रोकंट्रोलर पुरतो. अपोलोच्या संगणकाचा मूळ कोड आज कोणालाही वाचता येतो, त्यातला रिस्टार्टचा भाग वाचा. इन्जेन्युइटीवर चाललेली एफ प्राइम ही रचना जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीने मोफत खुली केली आहे आणि ती रास्पबेरी पायवरही चालते. मग तुमच्या बोर्डवर तापमान मोजून फ्लॅशमध्ये साठवणारा छोटा प्रोग्राम लिहा. तो चालला की खरं काम सुरू होतं. लिहिणं चालू असतानाच वीज काढा आणि पुन्हा लावल्यावर आधीच्या नोंदी शाबूत आहेत का बघा. सेन्सरची वायर उपटा, मग दुसऱ्या वायरला चिकटवा. पुरवठा नेहमीच्या व्होल्टेजवरून क्षणभर निम्म्यावर आणा. डिसेंबरच्या पहाटे गाडी सुरू करताना स्टार्टर बॅटरीला नेमकं हेच करतो. मुख्य लूपमध्ये मुद्दाम न संपणारी ओळ घाला आणि वॉचडॉग जागा होतो का तपासा. मुलाखतीला मी समोर असले तर प्रोग्राम किती वेगात चालतो हे विचारणार नाही. यातली कुठली चाचणी पहिल्यांदा फसली आणि नंतर कोडमध्ये काय बदललं, तेवढं लिहून आणा.